घाम, माठ आणि रबरी सूट

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत वर्षातले चार-पाच महिने व्यायाम करायचा तर तो चार भिंतींच्या आतच. बाहेर उणे दहा तापमान, गुडघाभर बर्फ, आणि जिमच्या काचेपलीकडे पन्नास माणसं हाफ पँटमध्ये ट्रेडमिलवर धावतायत, घामाने निथळतायत! नव्याने आलेल्या माणसाला हे दृश्य पाहून आधी हसू येतं. दोन-तीन हिवाळे काढले की तोही त्याच रांगेत पळायला लागतो.

या बंद खोलीतल्या घामाला इकडे एक इतिहास आहे आणि त्यातलं एक पान फार वाईट आहे. १९९७ सालच्या ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर या काळात, म्हणजे जेमतेम महिन्याभरात, तीन वेगवेगळ्या राज्यांत कॉलेजतर्फे कुस्ती खेळणारी तीन मुलं व्यायाम करता करता गेली. वयं १९, २२ आणि २१. तिघेही धडधाकट, रोज मेहनत करणारे. बाहेर थंडीचे दिवस होते आणि तिघेही उष्म्याने मेले!

मंडळी, कुस्ती म्हणजे आपल्या अंगणातली गोष्ट. शिवाय आता पुण्या-नाशकातच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही बेसमेंटमध्ये, गाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये जिम निघाल्यात. 'जितका घाम जास्त तितका व्यायाम चांगला' ही समजूत इकडे आहे तशीच तिकडेही आहे. कष्टाला आपण 'घाम गाळणं' असंच म्हणतो, त्यामुळे घामाबद्दल आदर आपल्या भाषेतच मुरलेला आहे. पण घाम गळणं आणि अंग गार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या तीन मुलांचा जीव गेला तो या फरकामुळे.

आधी थोडा हिशोब करू. (इंजिनियरची खोड, चालवून घ्या.) जिममधल्या सायकलवर समोरच्या पडद्यावर १५० वॉट असा आकडा दिसतो. ती झाली पेडलला मिळालेली शक्ती. पण आपलं शरीर हे काही फार कार्यक्षम यंत्र नाही. खर्च केलेल्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पेडलपर्यंत पोचतो, बाकीच्याची उष्णता होते. पाचवा हिस्सा धरला तर १५० वॉटसाठी शरीर ७५० वॉट खर्च करतं आणि त्यातले ६०० वॉट अंगातच तापतात. घरातली साधी इस्त्री हजार वॉटची असते, त्यावरून कल्पना करा.

आता ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर काय होईल? ७० किलोच्या माणसाचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढायला साधारण २४५ किलोज्यूल लागतात. ६०० वॉटने ते सात मिनिटांत भरतात. म्हणजे अर्ध्या तासात ३७ अंशांवरून थेट ४१ च्या पुढे! चाळिशीच्या पुढे डॉक्टर उष्माघाताची भाषा बोलायला लागतात. रोज लाखो माणसं अर्धा अर्धा तास सायकल मारून सुखरूप घरी जातात, कारण घाम वाळतो. वाळतो हे महत्त्वाचं. एक ग्रॅम घामाची वाफ होताना तो अंगातून सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ६०० वॉट बाहेर टाकायला तासाला साधारण ९०० ग्रॅम घाम वाळला पाहिजे. जो घाम हनुवटीवरून टपकून फरशीवर पडला तो या हिशोबात धरायचाच नाही, तो फुकट गेला.

आपल्याकडे हे शिकायला प्रयोगशाळेची गरज नाही, माठ पुरे. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडतं आणि आतलं पाणी गार होतं. त्याच माठाला बाहेरून ऑइलपेंट फासा, पाणी कोमटच राहील. नागपूरला वाळ्याचा कूलर लावला की खोली थंडगार होते आणि तोच कूलर मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो, हेही सगळ्यांना माहीत आहे. हवेतच बाष्प जास्त असेल तर पाणी उडायचं कुठे? नागपूर-मुंबईचा हा फरक आणि ऑइलपेंट लावलेला माठ, एवढं लक्षात ठेवलं की पुढचा इतिहास सोपा आहे.

हा इतिहास सुरू होतो अमेरिकेत नव्हे, लंडनमध्ये. १७७४ साली डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी काही खोल्या भट्टीसारख्या तापवल्या आणि चार्ल्स ब्लॅगडेन हे डॉक्टर काही मित्रांना घेऊन त्यात शिरले. त्या मित्रांत कॅप्टन कुकबरोबर जगप्रदक्षिणा करून आलेले जोसेफ बँक्सही होते. खोलीचं तापमान वाढवत वाढवत २६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे पाणी उकळतं त्याच्याही वर नेलं. कोरड्या हवेत ही माणसं काही मिनिटं आत उभी राहिली आणि धडधाकट बाहेर आली. त्याच खोलीत ठेवलेली अंडी उकडून घट्ट झाली, मांसाचा तुकडा शिजला. आणि मांसावर भात्याने वारा घातला तेव्हा ते आणखी लवकर शिजलं!

त्या प्रयोगातला मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र वेगळा आहे. ब्लॅगडेनने खोलीत पाण्याची दोन भांडी ठेवली. एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात मेणाचा तुकडा. मेण वितळून पाण्यावर पातळ साय धरली आणि ते पाणी जास्त तापलं. नुसत्या पाण्याचं भांडं तासाहून जास्त वेळ उकळीच्या बरंच खाली अडकून राहिलं, कारण वाफेबरोबर उष्णता निघून जात होती. मग त्यातही तेलाचे थेंब टाकले आणि शेवटी दोन्ही भांडी खळाखळा उकळायला लागली. ऑइलपेंट लावलेला माठच तो! पुढच्या वर्षी, १७७५ मध्ये, हे सगळं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. त्वचेवरचं पाणी उडायचं थांबलं की माणूस तापणारच, हे कळायला लागणारं सगळं तिथे होतं.

अमेरिकेने या विषयात पुढे खूप काम केलं. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हवेतलं बाष्प आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. एअर कंडिशनिंगचा जन्म तो हाच, आणि झाला तो माणसाच्या सुखासाठी नव्हे, कागद फुगून रंगांची छपाई सरकू नये म्हणून! १९२७ मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलच्या तळघरात 'फटीग लॅबोरेटरी' म्हणजे थकव्याची प्रयोगशाळा निघाली. तिथे ट्रेडमिल होती, हवामान हवं तसं बदलता येईल अशी खोली होती, आणि बॉस्टन मॅरेथॉन अनेकदा जिंकलेला क्लॅरेन्स डीमार तिथे येऊन पळून गेला होता. १९३१ च्या उन्हाळ्यात हूवर धरणाच्या कामावर मजूर उष्माघाताने मेले, त्यानंतर १९३२ मध्ये याच प्रयोगशाळेचे डेव्हिड ब्रूस डिल आणि त्यांचे सहकारी तिथे जाऊन घाम आणि मीठ यांचा अभ्यास करून आले. १९४७ मध्ये प्रयोगशाळा बंद झाली, पण तिथे तयार झालेली माणसं देशभर पसरली.

पुढे साउथ कॅरोलिनातल्या पॅरिस आयलंडला मरीन सैनिकांचे रंगरूट कवायतीत उष्म्याने कोसळायचे. त्यावर काम करताना यॅग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ मध्ये उष्म्याचा एक निर्देशांक मांडला. त्यात ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या थर्मामीटरला ७० टक्के वजन, उन्हाने तापणाऱ्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि नेहमीच्या थर्मामीटरला फक्त १० टक्के! म्हणजे पारा किती चढलाय यापेक्षा घाम वाळतोय की नाही हे जास्त महत्त्वाचं. आजही सैन्यात, कारखान्यांत आणि खेळाच्या मैदानांवर हाच निर्देशांक वापरतात.

एवढं ज्ञान ज्या देशात होतं त्याच देशातल्या कॉलेजांच्या कुस्तीच्या खोल्यांत काय चाललं होतं? इकडची कुस्ती वजनगटांत बांधलेली. पैलवान मूळ वजनापेक्षा खालच्या गटात उतरायला बघतो, म्हणजे समोरचा आपल्याहून हलका मिळतो. पण समोरचाही तेच करत असतो, त्यामुळे दोघंही तहानलेले आणि फायदा कुणाचाच नाही. तेव्हाच्या नियमांत वजन कुस्तीच्या आदल्या दिवशी करायची सोय होती. म्हणजे आदल्या दिवशी अंगातलं पाणी काढायचं, काट्यावर उभं राहायचं, मग रात्रभर पाणी पिऊन भर काढायची. पाणी काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे खोली तापवायची, रबरी किंवा प्लास्टिकचा सूट घालायचा, वर सुती कपडे चढवायचे आणि सायकल मारायची किंवा पळायचं. वडीलधाऱ्या पैलवानांनी केलं म्हणून धाकट्यांनी केलं. यात चोरटं काही नव्हतं, उलट ही जिद्दीची खूण मानली जायची.

रबरी सुटाच्या आत काही मिनिटांत हवा बाष्पाने भरून जाते. घाम सुटतो, प्रचंड सुटतो, पण वाळत नाही. बाहेर नोव्हेंबरची थंडी आणि सुटाच्या आत मुंबईच्या मे महिन्याहून वाईट हवा! शरीर बिचारं आणखी घाम सोडतं. ते पाणी येतं रक्तातून. रक्तातलं पाणी घटलं की हृदयाला स्नायूंना रक्त पुरवायचं आणि उष्णता बाहेर न्यायला त्वचेलाही पुरवायचं, ही दोन्ही कामं झेपेनाशी होतात. शेवटी घामही कमी होतो. म्हणजे तेलाची साय तर आधीच होती, आता पाणीही आटलं.

उत्तर कॅरोलिनातला पहिला मुलगा मोसमाआधी २३३ पौंडांचा होता. दहा आठवड्यांत त्याने २३ पौंड उतरवले होते आणि उरलेले १५ पौंड, म्हणजे जवळजवळ सात किलो, बारा तासांत उतरवायचे होते. मध्यरात्र उलटेपर्यंत तो सूट घालून व्यायाम करत होता. विस्कॉन्सिनमधला दुसरा पहाटे स्थिर सायकलवर होता, त्याला चार पौंडच काढायचे होते. मृत्यूच्या वेळी त्याच्या शरीराचं तापमान १०८ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४२ अंश सेल्सिअस भरलं. मिशिगनमधला तिसरा ९२ अंश फॅरनहाइटपर्यंत तापवलेल्या खोलीत होता. त्याच्या आधी दोन मुलं गेल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या होत्या. तरीही.

सुरुवातीला संशय क्रिएटिन नावाच्या पावडरीवर गेला, तेव्हा तिचं नवं वेड होतं. पण रोगनियंत्रणाचं काम पाहणाऱ्या सीडीसी या सरकारी संस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल काढला, त्यात बोट दाखवलं ते उष्म्याकडे आणि पाणी आटण्याकडे. १९८२ पासून अशा नोंदी ठेवल्या जात होत्या, त्यात कॉलेजच्या कुस्तीत वजन उतरवताना झालेले हे पहिले मृत्यू होते. माझ्या मते घात इथेच झाला. हजारो मुलं वर्षानुवर्षं हेच करून जगली होती, म्हणून 'काही होत नाही' हा अनुभवसिद्ध नियम होऊन बसला होता. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांच्या संघटनेने १९७६ मध्येच पैलवानांच्या वजन उतरवण्याबद्दल इशारा देणारं पत्रक काढलं होतं. खुद्द विस्कॉन्सिन राज्यात १९८९ पासून शाळकरी पैलवानांसाठी किमान वजन ठरवून देण्याचा प्रकल्प सुरू झाला होता. म्हणजे शाळेतल्या मुलाला जे संरक्षण होतं ते कॉलेजात गेल्यावर नव्हतं!

तीन मृत्यूंनंतर मात्र हालचाल वेगाने झाली. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने जानेवारी १९९८ मध्ये, म्हणजे तिसऱ्या मृत्यूनंतर पाच-सहा आठवड्यांत, भर मोसमात नियम बदलले. रबरी सूट, सॉना, वाफेच्या खोल्या आणि मुद्दाम तापवलेल्या खोल्या बंद. वजन आता आदल्या दिवशी नाही, कुस्तीच्या फार तर दोन तास आधी. एवढ्या वेळात आटलेलं पाणी भरून निघत नाही, त्यामुळे पाणी काढण्यातला फायदाच गेला. पुढच्या मोसमापासून वजनगट वर सरकवले, ११८ चा १२५ झाला आणि १९० चा १९७. प्रत्येक पैलवानाचं किमान वजन मोसमाच्या आधी ठरवायचं आणि तेही लघवीची घनता तपासून, म्हणजे काट्यावर चढताना तो पाणी पिऊन आलाय याची खात्री करून. आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त वजन उतरवायचं नाही. हे नियम आखणाऱ्यांनी एक शहाणपण दाखवलं. नुसती बंदी घातली नाही, जिच्यामुळे मुलं सूट घालत होती ती लालूचच काढून घेतली.

आता आपल्या तालमीकडे वळू. कोल्हापूरची गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी आठवा. जाड भिंती, छोटी दारं, आत अर्धवट उजेड. हौद्यात तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद. मेहनत पहाटे, सूर्य उगवायच्या आत. नंतर बदामाची थंडाई. या सगळ्याला गारव्याचं शास्त्र म्हणून कुणी मांडलं नव्हतं, पण उष्णतेच्या देशात बंद जागेत व्यायाम कसा करावा याचं उत्तर त्यात आहे. मोठा मुद्दा वेळेचा. दिवसातली सगळ्यात गार वेळ गाठायची, म्हणजे अर्धी लढाई जिंकली.

दुसरा मुद्दा वजनाचा. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं (१९१२ साली ते सुरू झालं), तिथल्या कुस्त्यांत काट्यावर उभं राहायची भानगड नव्हती. वस्तादांच्या नजरेने जोड लागायची. पैलवानाला वजन कमवायचं असे, गमवायचं नसे. खाशाबा जाधवांना ऑलिंपिकमध्ये वजनगट पाळावा लागला, पण १९४८ ला लंडनमध्ये ५२ किलोत सहावे आलेले खाशाबा १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. वरच्या गटात जाऊनही पदक मिळतं, हे आपल्या गोळेश्वरच्या माणसाने दाखवलेलं आहे.

पण तालमीची आरती ओवाळून चालणार नाही. बंद तालमीत वारा नसतो आणि ओली माती हवेतलं बाष्प वाढवते. पहाटेचं वेळापत्रक मोडून तिथे दुपारी मेहनत केली तर तीच खोली घातक ठरेल. आणि आता आपलेही मल्ल मॅटवर, वजनगटांत खेळतात. काटा आला की त्याच्या मागोमाग सॉना आणि सूटही आलेच.

६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाटने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन होतं, गट ५० किलोचा. रात्रभर व्यायाम, सॉना, शेवटी केसही कापले आणि तरी काटा १०० ग्रॅम जास्त दाखवत राहिला. अपात्र ठरली. साऱ्या देशाने त्या १०० ग्रॅमवर हळहळ केली, ती खरीच होती. पण अंगातलं पाणी आटलेलं असताना रात्रभर तापवलेल्या शरीराचं काय होऊ शकतं, हे १९९७ च्या त्या तीन घरांना ठाऊक आहे. ऑलिंपिकच्या कुस्तीत तेव्हा दोन्ही दिवशी सकाळी वजन होत होतं. पहिल्या दिवशी पाणी काढून गट गाठला, कुस्त्यांसाठी ते भरून काढलं, की रात्री पुन्हा काढा. लालूच तशीच राहिली की माणसं रात्रभर जागून वाट काढतात, मग भले काट्यापाशी डॉक्टर उभे असोत.

तुमच्या-माझ्यासारख्या पोट कमी करायला जिममध्ये जाणाऱ्यांना कुठल्याच गटात उतरायचं नाहीये. तरीही दुकानात घाम काढणारे प्लास्टिकचे पट्टे आणि सूट मिळतात आणि खपतात. त्यातून जे किलो उतरतात ते पाण्याचे असतात, दोन तांब्यांत परत येतात. चरबी घामातून निघत नाही. पंखा लावून, गार हवेत, कमी घामात केलेला व्यायाम हाच जास्त वेळ टिकतो आणि जास्त उपयोगी पडतो. रस्त्यावर सायकल चालवणाऱ्याला वारा आपोआप मिळतो, खोलीतल्याला तो मागून घ्यावा लागतो, एवढाच फरक. खोलीला खिडकी असेल तर उघडा. नसेल तर समोर पंखा हवाच. पण खोलीतली हवाच अंगापेक्षा गरम असेल, विदर्भातल्या मे महिन्यात असते तशी, तर नुसत्या पंख्यावर विसंबू नका, ब्लॅगडेनचा भाता आठवा. तेव्हा पहाट गाठा. व्यायामाच्या आधी आणि नंतर वजन करून बघा, जितकं घटलं तितकं साधारण पाणीच गेलं असं समजा आणि ते हळूहळू भरून काढा. हवा एकदम बदलली असेल, थंडीतून गरमीत आला असाल, तर पहिले दहा-बारा दिवस बेताने घ्या. शरीराला घामाची सवय लागायला तेवढा वेळ लागतो.

आणि जिमच्या कोपऱ्यात कुणी पोरगा भर उन्हाळ्यात रेनकोटसारखा सूट चढवून सायकल मारताना दिसला, तर त्याच्या जिद्दीचं कौतुक करत बसू नका. आधी त्याला तो सूट काढायला लावा.